बोया, पिंप आणि उत्तनची वलांडी

स्पर्धेतील बार्बेक्यूसाठी स्मोकर कोणता निवडावा, हा प्रश्न अमेरिकेच्या दक्षिण भागात लग्नाच्या स्थळाइतक्या गांभीर्याने चर्चिला जातो. पत्रा किती जाड असावा, अग्निपेटी बाजूला असावी की खाली, धुराची वाट लांब असावी की आखूड, यांवर माणसे वर्षानुवर्षे वाद घालतात. मीरा-भाईंदरमध्ये असा प्रश्न कोणी विचारलाच, तर तो बहुधा हसण्यावारी जाईल. सदनिकेच्या गॅलरीत लाकडे पेटवून बारा तास मांस धुरवण्याची मुभा कोणती गृहनिर्माण संस्था देईल? परंतु याच शहराच्या पश्चिम टोकाला, जेथे रस्ता समुद्रापाशी संपतो, त्या उत्तनच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी सोडवला गेला आहे. तेथील उत्तर ज्याच्या त्याच्या डोळ्यांसमोर बांबूंवर टांगलेले असते. ते स्मोकरचे उत्तर आहे हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्यासाठी आधी शब्दाच्या मुळाशी जावे लागते. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ होऊन आला. गोन्झालो फर्नांदेझ दे ओविएदो या स्पॅनिश इतिवृत्तकाराच्या १५२६ च्या ग्रंथात तो छापील स्वरूपात भेटतो. गंमत अशी की या शब्दाचा मूळ अर्थ ना मांस, ना मसाला, ना धूर. बार्बाकोआ म्हणजे जमिनीत खुंट रोवून त्यांवर काठ्यांनी बांधलेला उंच मांडव. त्यावर धान्य साठवावे, त्यावर निजावे, आणि खाली मंद जाळ ठेवून त्यावरच मासे व मांस टिकाऊ करावे. ब्राझीलमधील तुपी लोकांच्या अशाच मांडवाला फ्रेंचांनी ‘बुकाँ’ म्हटले. झाँ दे लेरी याच्या १५७८ च्या प्रवासवर्णनात त्याचे सविस्तर चित्र आहे. या बुकाँवर रानडुकरे धुरवून जहाजांना विकणारे ते ‘बुकानिए’, आणि त्यांच्यापासून समुद्री चाच्यांसाठी इंग्रजीत रूढ झालेला शब्द ‘बकनिअर’. म्हणजे लुटारूंच्या एका अख्ख्या पिढीला नाव मिळाले ते मांस वाळवण्याच्या मांडवावरून.

खुंट, आडव्या काठ्या, वर टांगलेले खाद्य आणि खालून-वरून खेळणारी हवा, एवढे वर्णन ऐकून उत्तनच्या रहिवाशाला वेगळे चित्र डोळ्यांसमोर आणावे लागत नाही. कोळीवाड्यांत या मांडणीला वलांडी म्हणतात. उभे बांबू रोवायचे, त्यांच्यामध्ये एकावर एक आडवे बांबू किंवा दोर ताणायचे, आणि त्यांवर बोंबील टांगायचे. टांगण्यासाठी हूक लागत नाही, सुतळी लागत नाही. बोंबलाचा जबडा मोठा आणि दात आकड्यासारखे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की जोडी तयार होते, आणि ती जोडी दोरावर एक इकडे, एक तिकडे अशी लोंबते. हे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. सराव झालेल्या हाताला जोडी लावण्यास क्षणभरच लागतो.

उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही गावे ज्या भूभागावर आहेत त्याचे जुने नाव धारावी बेट. मुंबईतील धारावीशी त्याचा घोटाळा करू नये. १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख गुजरातच्या बहादुरशाहाकडून पोर्तुगीजांकडे गेला, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज सत्ता येथून उठली. त्या मोहिमेत धारावीचे महत्त्व मोठे होते, कारण वसईच्या खाडीचे मुख या बेटाच्या माऱ्यात येते. ज्यांनी चौकचा जंजिरे धारावी पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. सत्ता बदलल्या, प्रार्थनेच्या भाषा बदलल्या, आणि आज या किनाऱ्यावर कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे शेजारी नांदतात. मासळी वाळवण्याच्या रीतीत मात्र या राजकीय उलथापालथीमुळे फारसा फरक पडला असेल असे मानण्यास कारण नाही.

आता मूळ प्रश्न. कॅरिबियनमध्ये मांडवाखाली जाळ आला, मालदीवमध्ये बोनिटो मासा शिजवून धुरावर धरतात, स्कॉटलंडमध्ये हॅडॉक धुरवतात, आणि आपल्याच गोव्यात चोरीसच्या माळा चुलीवर लोंबतात. मग उत्तनच्या वलांडीखाली जाळ का आला नाही?

याचे पहिले उत्तर बोंबलाच्या शरीरातच आहे. ताज्या बोंबलात सुमारे ९० टक्के पाणी असते. हा आकडा साधा वाटतो, पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. १ टन ओल्या बोंबलात घन भाग अवघा १०० किलोंच्या आसपास. तो नीट वाळवायचा म्हणजे साधारण ८८० किलो पाणी हवेत घालवायचे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, आणि एक किलो सुक्या लाकडातून मिळते साधारण १५. म्हणजे उष्णतेचा कणही वाया न घालवणारी आदर्श भट्टी कल्पिली तरी १ टन बोंबलामागे १४० किलो लाकूड हवे. प्रत्यक्षात उघड्या भट्टीतील बहुतेक उष्णता आकाशात जाते, तेव्हा लाकडाचे वजन माशाच्या वजनाशी बरोबरी करू लागले तरी नवल नाही. एवढे लाकूड उत्तनला आणायचे कोठून? खाडीच्या कडेला तिवरे आहेत, पण ती तोडून एक हंगाम निभावला असता आणि पुढच्या हंगामात खाडीचा काठ उघडा पडला असता. आज तर प्रश्नच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने राज्यातील तिवरांच्या तोडीवर बंदी घातली.

उलट पावसाळा सरल्यापासून मे महिन्यापर्यंत या किनाऱ्यावर ऊन फुकट आणि वारा दोन्ही दिशांचा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, दुपारी समुद्राकडून खारे वारे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी हवा कोरडी असते, आणि पाणी शोषून घेण्याची खरी ताकद कोरड्या वाऱ्यात असते. ऊन त्याला मदत करते. म्हणूनच बोंबील जमिनीवर पसरत नाहीत, टांगतात. हवा चारी बाजूंनी फिरते, वाळू लागत नाही, आणि इतका मऊ मासा स्वतःच्या वजनाने सरळ होत वाळतो. ऊन चांगले असेल तर तीन-चार दिवसांत तो काठीसारखा होतो. डोल जाळ्यांत बोंबील मुबलक सापडण्याचा काळ आणि कोरड्या हवेचा काळ बऱ्याच अंशी जुळतो. या जुळणीवरच या किनाऱ्यावरील सुक्या मासळीचा धंदा उभा राहिला.

येथे एक आडवाट घेण्यासारखी आहे. भाईंदरची मिठागरे उत्तनपासून फार दूर नाहीत, तरी बोंबील परंपरेने मिठाशिवाय वाळवला जातो. फ्रान्सिस डे या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७३ मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील सागरी मासेमारीवर अहवाल लिहिला, आणि मिठावरील कर हा मासे खारवण्याच्या धंद्यातील मोठा अडसर असल्याचे त्यात दाखवून दिले. मीठ डोळ्यांसमोर पिकत असूनही कोळ्याला ते करासह विकत घ्यावे लागे. केवळ या करामुळे बोंबील बिनमिठाचा राहिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण पातळ अंगाच्या बोंबलाला मिठाची तशी गरजही नाही. पण लाकूड महाग, मीठ करग्रस्त आणि ऊन बिनकराचे, अशा परिस्थितीत एखादा समाज कोणती पद्धत जिवापाड जपेल हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

अमेरिकन स्पर्धकाची निवड याहून निराळी वाटते, पण तिच्या इतिहासात डोकावले की तीही अशीच आसपासच्या अडगळीतून जन्मलेली दिसते. टेक्सासात तेलाचा धंदा होता, म्हणून जाड नळ्या, जुन्या गॅसच्या टाक्या आणि त्यांना डाग देणारे कसबी वेल्डर होते. तेथे बाजूला अग्निपेटी जोडलेला आडवा, अवजड ऑफसेट स्मोकर घडला. जेथे तेलाचे सुमारे २०८ लिटरचे लोखंडी पिंप रिकामे पडत, तेथे त्याच पिंपाला खाली भोके पाडून, आत निखारे ठेवून उभा स्मोकर झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी मातीच्या जाड भिंतींची ‘कामादो’ चूल सोबत नेली. आणि १९५२ मध्ये शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यातील जॉर्ज स्टीफन याने जे केले ते कोणत्याही कोळीवाड्यात समजेल. त्या कारखान्यात पत्र्याचे अर्धगोल जोडून पाण्यावर तरंगणारे बोये बनत. स्टीफनने असा बोया मधोमध विभागला, खालच्या भागाला पाय लावले, वरच्या भागाचे झाकण केले. जगभर ओळखली जाणारी किटलीसारखी गोल शेगडी ती हीच. ज्या वस्तूने मच्छीमाराला खडक दाखवायचा, तिच्यात मासा भाजू लागला.

या यंत्रांतील निवड अखेर एका प्रश्नावर येऊन ठेपते: जागरण कोणी करायचे, माणसाने की यंत्राने? ऑफसेटमध्ये दर पाऊण-एक तासाने लाकूड घालावे लागते, वाऱ्याची दिशा बदलली की झडप हलवावी लागते. रात्र तेथेच जाते. पिंपात निखारा एकदा नीट जमला की तो बराच वेळ स्थिर जळतो, पण थेट खाली असल्याने चरबी त्यावर ठिबकते आणि स्वाद उग्र होतो. कामादोच्या जाड भिंती उष्णता धरून ठेवतात, म्हणून कोळसा कमी लागतो. मात्र एकदा तापमान चढले की उतरता उतरत नाही. भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या यंत्रात पंखा आणि नियंत्रक सारे पाहतो आणि स्पर्धक झोपू शकतो. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या नियमांत लाकूड, कोळसा आणि अशा गोळ्या चालतात. शिजवण्यासाठी गॅस किंवा विजेची उष्णता चालत नाही. सहा परीक्षक, कोणाचा डबा कोणाचा हे ठाऊक नसताना, रूप, चव आणि मऊपणा यांवर गुण देतात. डबा ठरल्या वेळेच्या पाच मिनिटे अलीकडे किंवा पलीकडेच पोहोचला पाहिजे. म्हणून मुरलेले स्पर्धक नवख्याला बहुधा एकच सल्ला देतात: सर्वांत महाग यंत्र घेऊ नकोस, दर वेळी सारखे वागणारे यंत्र घे.

मांस धुरवताना आणखी एक घटना हमखास घडते. मांसाच्या गाभ्याचे तापमान ६५ ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान आले की ते तासन् तास अडून बसते. आग तीच, लाकूड तेच, पण काटा हलत नाही. नवखा घाबरतो आणि जाळ वाढवतो. कारण साधे आहे: पृष्ठभागावरून उडणारे पाणी जेवढी उष्णता नेते, तेवढीच आग आत घालत असते. माठातले पाणी ज्या नियमाने गार राहते त्याच नियमाने हे मांस तापायचे थांबते. दमट दिवशी आणि कोरड्या दिवशी हा थांबा वेगवेगळा पडतो. वलांडीवरचा बोंबील आणि टेक्सासातील मांसाचा गठ्ठा यांची गाठ येथे पडते. दोन्हीकडे माणूस वाट पाहत असतो ती पाणी निघून जाण्याची.

कोकणाला बंदिस्त धुराची ओळख नाही असे मात्र कोणी समजू नये. रायगडात थंडीच्या दिवसांत लागणारी पोपटी हा मातीचा स्मोकरच. त्याची निवडही चोखंदळपणे होते: मडके वाजवून पाहायचे, बद्द आवाज आला की तडा आहे असे समजून बाजूला ठेवायचे. आत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ आणि ओवा. पाण्याचा थेंब नाही. तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. पण पोपटी एका रात्रीच्या मेळ्यासाठी आहे. तिच्यातून पावसाळ्याची बेगमी होत नाही, आणि उत्तनला चिंता आगोटीची होती: जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागल्यावर घरात काय शिजेल, याची.

वलांडीवरच्या मालालाही परीक्षक असतात. अंधेरीच्या मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात गिऱ्हाईक बोंबलाचा रंग पाहते, नाकाशी धरते, मोडून आवाज ऐकते. फिकट पिवळसर आणि खुटकन मोडणारा तो चांगला. लालसर पडलेला, वाकणारा तो ओलाव्याचा. येथे डबा निनावी नसतो, विक्रेती समोर बसलेली असते, आणि तिचे नाव तिच्या मालाला चिकटलेले असते.

दूरच्या परीक्षकांनी मात्र एकदा वलांडीलाच नापास केले. ‘बॉम्बे डक’ या नावाने सुका बोंबील ब्रिटनमध्ये दीर्घकाळ जात असे. (हे नाव रेल्वेच्या ‘बॉम्बे डाक’वरून पडले ही कथा रंजक आहे, पण ती टिकत नाही. आपल्याकडे पहिली आगगाडी १८५३ मध्ये धावली, आणि नाव त्याआधीच्या इंग्रजी लिखाणात सापडते.) १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने भारतातून येणाऱ्या मासळीला मान्यताप्राप्त कारखान्यांचीच अट घातली. उघड्यावर, बांबूवर वाळणारा बोंबील कोणत्याही कारखान्यातून येत नव्हता, म्हणून तो थांबला. ब्रिटनमध्ये त्यासाठी मोहीम चालली, आणि काही वर्षांनी तोडगा निघाला: मासा उघड्यावर वाळवला तरी चालेल, पण तो मान्यताप्राप्त ठिकाणी बांधला गेला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, मग बंदिस्त धुरवणीच का नको? जगाने तोही मार्ग चोखाळून पाहिला आहे. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या टॉरी संशोधन केंद्रात १९३० च्या दशकाच्या अखेरीस पंख्याने धूर फिरवणारी यांत्रिक भट्टी तयार झाली, कारण जुन्या धुराड्यांत बाहेरचा वारा म्हणेल तसा मासा धुरवला जाई. घानात, आक्राजवळच्या चोरकोर या मच्छीमार वस्तीत, १९६९ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या सहकार्याने एकावर एक जाळीच्या चौकटी रचण्याची मातीची भट्टी पुढे आली आणि स्त्रियांची लाकडाची मोळी हलकी झाली. इतिहासातील उत्तम स्मोकरांत या चोरकोर भट्टीची गणना व्हायला हवी. तिच्यावर कोणत्याही स्पर्धेचे पदक नाही एवढेच. पण धुराबरोबर बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगेही माशावर बसतात. युरोपीय संघाने धुरवलेल्या माशातील त्याची मर्यादा किलोमागे ५ मायक्रोग्रॅमवरून २०१४ मध्ये २ वर आणली, आणि आफ्रिकेतील धुराड्यांना पुन्हा नवी रचना शोधावी लागली. उघड्या मांडवाला हवेने नापास केले, बंद भट्टीला धुराने.

उत्तनला धूर नको असला तरी तो मिळतोच. धावगी टेकडीवर शहराच्या कचऱ्याचा ढीग आहे आणि तो अधूनमधून पेटतो. ज्या गावाने आपल्या माशाखाली कधी जाळ घातला नाही, त्या गावावर वारा फिरला की प्लास्टिकचा धूर येतो. २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरातील बहुतेक रहिवासी रेल्वे स्थानकाच्या आसपास राहतात. त्यांच्या घरचा कचरा ज्या दिशेला जातो, त्याच दिशेने त्यांच्या ताटातील सुका बोंबील येतो.

त्याहून मोठा प्रश्न आकाशाचा झाला आहे. वलांडीची सारी मांडणी ऑक्टोबर ते मे कोरडे राहील या गृहीतावर उभी आहे. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओखी चक्रीवादळ आले तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर ऐन थंडीत पाऊस पडला आणि टांगलेली मासळी भिजली. अर्धवट वाळलेला बोंबील एकदा भिजला की त्याला पुन्हा वाळवून उपयोग होत नाही. तो कुजतो किंवा खताच्या भावाने जातो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आले, तेव्हा आगोटीची विक्री भरात होती.

आता पारदर्शक आच्छादनाचे सौर वाळवणयंत्र हा पर्याय मच्छीमारांपुढे ठेवला जातो. त्यात पाऊस शिरत नाही, माशी बसत नाही, बाजारात भाव बरा मिळतो. पण त्याच्या तबकांत जवळा किंवा कोळंबी पसरता येते. लांब, मऊ बोंबील टांगण्यासाठी उंची लागते. आणि एका होडीने एका भरतीला आणलेला माल छोट्या यंत्रात मावत नाही. उद्याचा बोंबील आज जाळ्यात आला तर उरलेला कोठे ठेवायचा, या प्रश्नाला यंत्राजवळ उत्तर नाही. वलांडीला आणखी दोन बांबू जोडले की झाले. आच्छादनाखाली टांगण्याची सोय असलेली, एकीने चालवायची मोठी शेड हा कदाचित मधला मार्ग ठरेल. त्यासाठी किनाऱ्यावर जागा हवी, आणि जागेचा भाव मीरा-भाईंदरमध्ये कसा वाढतो हे सांगायला नको.

तोपर्यंत हंगामात सकाळी सातच्या सुमारास उत्तनला गेले तर दोन गोष्टी दिसतात. वर दोरांवर बोंबलांच्या जोड्या पांढऱ्या माळांसारख्या लोंबत असतात, आणि खाली प्रत्येक वलांडीच्या पायथ्याशी एक निळी ताडपत्री गुंडाळून, दगड ठेवून, हाताशी ठेवलेली असते.